पंखाला कोणी हात लावायचा

आमच्या वाडीत मोसमाची पहिली होडी पाण्यात जाते तेव्हा तांडेलाची, म्हणजे होडी चालवणाऱ्या मुख्य खलाशाची, बायको तिला हात लावते. ढकलणारे पुरुष दहा-बारा असतात, तिच्या जोराने काही फरक पडत नाही. पण होडीच्या पुढच्या टोकाला तिचा तळवा टेकल्याशिवाय आणि तिने "हेय" म्हटल्याशिवाय कोणी खांदा लावत नाही. ही रीत मशिदीची नाही. मौलवींना विचारलं तर त्यांनी हात झटकले, आमच्याकडे असं काही लिहिलेलं नाही म्हणाले. देवळाचीही नाही, तरी शेजारच्या नर्मदाकाकूंच्या घरी तीच आहे. रीत किनाऱ्याची आहे, आणि तिचा दुसरा भागही किनाऱ्याचाच: तांडेल गेला की त्याच्या बायकोचा हात गेला.

माझे अब्बा, तय्यब, गेल्या वर्षी जानेवारीत गेले. समुद्रात नव्हे, घरापुढच्या खळ्यात जाळं शिवताना. अम्मीने, म्हणजे सकिनाने, इद्दतचे, नवऱ्यामागे पाळायचे, दिवस घरात काढले. ते संपले, पाऊस आला, मासेमारीची बंदी उठली. ऑगस्टात होडी पाण्यात घालायच्या सकाळी ती अंघोळ करून, डोक्यावर पदर घेऊन, दरवर्षीसारखी वाळूवर आली. होडी आता अब्बांच्या धाकट्या भावाकडे, जुबेरचाचांकडे होती आणि माझा भाऊ कैफ त्यांच्याबरोबर जात होता. जुबेरचाचांच्या बायकोने, हलीमाचाचीने, अम्मीचं मनगट धरलं. हळूच, पण सगळ्यांसमोर.

"भाबी, तू नको गो. वायच मागे रव."

अम्मी मागे राहिली. हलीमाचाचीने हात लावला, होडी गेली. मी हे जर्मनीत बसून फोनवर पाहिलं. कैफने फोन होडीवर रोखला होता. अम्मी एका कडेला दिसत होती, तीही अर्धीच.

विधवांबद्दल जे लिहिलं गेलंय त्यातलं पुष्कळ मी वाचलं आहे. त्या वाचनाचा तेव्हा काही उपयोग झाला नाही. मी फक्त एक ठरवलं: पुढच्या उन्हाळ्यात अम्मीला माझ्याकडे आणायचं, आणि माझ्या पंखाला हात तिने लावायचा.

पंख म्हणजे ग्लायडरचा पंख. पुण्यात शिकत असताना मी ग्लायडर उडवायला लागले आणि नोकरीसाठी जर्मनीत आल्यावर इथल्या क्लबात ते चालू ठेवलं. ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेलं विमान. दुसरं छोटं विमान त्याला दोरीने ओढत वर नेतं आणि सोडून देतं. मग तापलेल्या जमिनीवरून चढणारी हवा शोधायची, घारीसारख्या तिच्यात गिरक्या घेत उंच जायचं, आणि तिथून घसरत पुढची हवा गाठायची. जमिनीवर हे यंत्र एका चाकावर उभं असतं, एक पंख गवतावर टेकलेला. निघताना कोणीतरी तो पंख उचलून सरळ धरावा लागतो. पंख उचलला की वैमानिक तयार आहे अशी खूण; ओढणारं विमान त्यानंतरच निघतं. उचलणाऱ्याने चार पावलं बरोबर धावायचं आणि सोडून द्यायचं.

हे मी अब्बांना पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ते म्हणाले होते, "म्हणजे होडीच ती." त्यानंतर प्रत्येक उड्डाणाचा फोन केला की ते एकच विचारत: "वारो खंयचो होतो?" मी वाऱ्याची दिशा सांगायचे. ते "हं" म्हणायचे आणि फोन अम्मीकडे द्यायचे.

स्पर्धा हंगेरीत होती, फक्त बायकांची. सपाट मुलूख, सूर्यफुलांची शेतं, कापून झालेला गहू. गवताची धावपट्टी, तिच्या कडेला तंबू, राहायच्या गाड्या आणि लांबलचक पांढरे ट्रेलर. ग्लायडरचे पंख सुटे करून त्यांत ठेवतात.

"सगळी बायलमाणसांच उडवतत?" अम्मीने पहिल्या सकाळी विचारलं.

"सगळी."

"आणि तेंचे घोव?"

"ते पंख पुसतत."

अम्मीला हे खरं वाटलं नाही, म्हणून तिने जाऊन पाहिलं. आमच्या शेजारी दानुता नावाची पोलिश बाई होती, साठीची, या खेळातली जुनी जाणती. तिचा नवरा खरंच शिडीवर चढून पंखावरचं दव पुसत होता. नंतर त्याने चहा केला, कप धुतले, तिचा सदरा वाळत घातला. अम्मी त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली.

"तुज्या अब्बान कधी चायेचो कप धुवूक नाय," ती म्हणाली. ट्रेलरची कडी लावून झाल्यावर पुढे म्हणाली, "जाळा मात्र माका कधी शिवूक दिल्यान नाय. हात फाटतत म्हणायचो."

दिवस लवकर मार्गी लागले. सकाळी ग्लायडर जोडायचं. पंख आणि धड जिथे मिळतात त्या सांध्यांवर पांढरी चिकटपट्टी लावायची, फटीतून हवा शिरू नये म्हणून. हे काम मी अम्मीला दाखवलं आणि दुसऱ्या दिवसापासून तिची पट्टी माझ्याहून सरळ बसू लागली. मग हँगरात सभा. हवामान सांगणारा फळ्यावर ढग काढायचा, त्या दिवशी कुठल्या कुठल्या गावांवरून वळसा घालून परत यायचं ते सांगितलं जायचं. जी लवकर परत येईल ती पुढे. मग ग्लायडर धावपट्टीवर रांगेत लावायची आणि वाट बघायची. या खेळात उडण्यापेक्षा वाट बघणं जास्त. आकाशात कापसाचे पहिले पुंजके दिसेपर्यंत बायका पंखांच्या सावलीत लोळत, विणत, जर्दाळू खात. दानुता पोलिशमध्ये बोलायची, अम्मी मालवणीत, आणि दोघी एकमेकींचं बोलणं दुरुस्त करायच्या. अम्मीने आणलेल्या सुक्या कोलंबीचा वास सुटला की तळावरचं मांजर आमच्या दारात येऊन बसे. "ह्या एकट्याक माझी भाषा कळता," अम्मी म्हणायची.

आम्ही हवेत असताना प्रत्येकीचा ठिपका इंटरनेटवर नकाशात दिसतो. मालवणात बाजाराजवळ कैफच्या मित्राचं मोबाईलचं दुकान आहे. दुपारनंतर कैफ तिथे तो नकाशा लावून बसायचा. पहिल्याच दिवशी त्याने अम्मीला फोन केला.

"अम्मी, आपा एकाच जाग्यार गरगर फिरता. वाट चुकली काय?"

"चढता ती, मेल्या. वारो गावलो तिका," अम्मी ऐटीत म्हणाली. तिला हे मीच आदल्या दिवशी सांगितलं होतं.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी जेवताना त्याचा फोन आला, आणि आवाज जरा वेगळा होता. "हलीमाचाची विचारी होती, पंख तू उचलतंस ता बरां काय? आपाच्या जिवाचो सवाल आसा म्हणता. तुमच्यात दुसरा कोण नाय काय?"

अम्मीचा घास हातात राहिला. "नाय," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिने पंख उचलला, पण निघण्याआधी बोटं पदराला पुसली. आधी ती तसं करत नव्हती.

मी तेव्हा मधल्या क्रमांकावर होते. क्लबचं जुनं ग्लायडर आणि माझा अनुभव पाहता ते चांगलंच होतं.

मग तो दिवस आला. हवा उत्तम होती, ढग लवकर उठत होते. रांगेत माझी तपासणी झाली, सगळं बरोबर होतं. पुढे पुष्कळ ग्लायडर होती, म्हणून मी डोकं भिजवायला नळावर गेले. अम्मी पट्टीचं रीळ हातात घेऊन ग्लायडरभोवती फिरत होती.

होडीचं सांगायला हवं. दरवर्षी मोसमाआधी अब्बा होडी उपडी घालत. अम्मी तिच्या पोटाखाली अंधारात शिरून बसायची आणि उजेड कुठून येतो ते आतून ओरडून सांगायची: "हय. हय पण. अंगठ्याएवढा खाली." अब्बा बाहेरून तिथे कापूस आणि राळ ठोकून भरत. तिच्या नजरेतून सुटलेलं भोक मला आठवत नाही. लहानपणी मीही तिच्याबरोबर आत बसायचे, पण मला अंधार दिसायचा आणि तिला भोकं.

ग्लायडरच्या शेपटीकडच्या नळीला दोन्ही बाजूंनी मोहरीएवढी भोकं असतात. बाहेरच्या हवेचा दाब त्यांतून आतल्या उपकरणांना कळतो. अम्मीने ती पाहिली. पट्टी हातात होती. पांढऱ्या अंगावर पांढरी पट्टी, तिच्या सवयीप्रमाणे सरळ आणि चापून बसवलेली.

मी परत आले, आत बसले, पट्टे आवळले, अंगठा वर केला. अम्मीने पंख उचलला, धावली, सोडला.

दोरीवर चढत असताना माझं लक्ष उंचीच्या काट्याकडे गेलं. तो हलला नव्हता. खाली झाडं लहान होत होती आणि काटा जमिनीवरच होता. वेगाचा काटा मात्र खाली खाली येत होता, जणू मी थांबत चालले आहे. कानात वारा नेहमीसारखाच सणसणत होता. कशामुळे ते मला कळलं नाही, काय करायचं ते कळत होतं. शिकताना आम्हाला काटे झाकून उतरायला लावतात. पुरेशी उंची होईपर्यंत मी दोरी धरून राहिले, मग सोडली, आणि वाऱ्याच्या आवाजावर व नाक क्षितिजाच्या किती खाली आहे त्यावर भिस्त ठेवून परत आले. थोडी लांब उतरले, इतकंच.

सुरक्षा बघणारी इलोना सायकलवरून आली. तिने शेपटीच्या नळीवरून बोट फिरवलं, नखाने पट्टी सोलली आणि आम्हाला दाखवली. "हे कोणी केलं?" तिने इंग्रजीत विचारलं.

मी बोलण्याआधी अम्मीने शाळेतल्या मुलीसारखा हात वर केला. "मी," ती म्हणाली.

शेवटची फेरी मारून बघणं वैमानिकाचं काम असतं. मी तसं सांगितलं आणि ते खरंही होतं. इलोनाने ते लिहून घेतलं, त्या दिवसापुरतं माझं उड्डाण बंद केलं आणि म्हणाली, "उद्यापासून तुझा पंख दुसरं कोणी धरेल. आईने तंबूजवळ बसावं. एवढ्या उन्हात उभं राहायची त्यांना गरजही नाही."

ती हे चांगल्या आवाजात म्हणाली. मनगट हळूच धरण्याची ही तिथली पद्धत होती.

संध्याकाळी कैफचा फोन आला. ठिपका वर गेला आणि लगेच खाली आला हे दुकानात सगळ्यांनी पाहिलं होतं. अम्मीने त्याला स्वतः सांगितलं, काहीही न वगळता. त्याने फोन दुसऱ्या कोणाकडे दिला. मग हलीमाचाचीचा आवाज आला. "भाबी, माझ्या मनात काय वायट नव्हता गो. मी तुझ्या बऱ्यासाठीच सांगलंय."

"होय," अम्मी म्हणाली. "तुझा खरा आसा."

फोन ठेवून तिने साबणाने हात धुतले. पट्टीचा चिकटा निघत नव्हता, ती घासत राहिली. मला म्हणाली, "माझा परतीचा तिकीट वायच आदी घे."

सकाळी ती राहायच्या गाडीतून बाहेर आलीच नाही. तांदूळ निवडत बसली. तांदूळ पिशवीतला होता, त्यात खडा असणं शक्यच नव्हतं.

"येतंस मां?" मी विचारलं.

"माझो हात नको, मदिहा. माका आता माझोच धीर नाय."

मला जे जे सुचलं ते पुस्तकातलं होतं, म्हणून मी रीळ घेऊन निघाले. सांध्यांच्या पट्ट्या मी लावल्या. वाकड्या लागल्या.

माझी पाळी आली तेव्हा दानुताचा नवरा पंखापाशी येऊन उभा राहिला. भला माणूस. त्याने माझ्याकडे पाहिलं, पंख उचलायला वाकला. आता मी अंगठा वर करायचा होता. मी मान हलवली. नाही.

तो थांबला. त्याला वाटलं काही बिघडलं. इलोना आली.

"माझा पंख माझी आई उचलेल," मी म्हणाले.

"ते काल ठरलं."

"तुम्ही ठरवलं. नियमात आहे?"

"नियमात नाही. ही काळजी आहे."

"मग तपासणी पुन्हा करा. तुम्ही बघा, आणखी कोणाला बघायचं असेल त्यांनी बघा. पण पंख ती उचलेल."

"मदिहा, मागे रांग आहे. मी थांबू शकत नाही."

"मला बाजूला काढा."

तिने एकदा आकाशाकडे पाहिलं, मला शहाणपण यायला वेळ द्यावा तसं. मग हात केला. दोघांनी माझं ग्लायडर ढकलून गवतात नेलं. मागच्या बायका एकेक करून निघून गेल्या. प्रत्येकीचा पंख उचलला जायचा, दोरी ताणायची, गवत आडवं व्हायचं. वर ढगाखाली त्या गिरक्या घेत एकमेकींच्या वर चढत होत्या. मी काच उघडी ठेवून उन्हात बसून राहिले. एका स्पर्धेसाठी वर्षभर तयारी केली होती. ती समोरून जात होती आणि मला उठावंसं वाटत नव्हतं.

धावपट्टी रिकामी झाली तेव्हा तंबूकडून अम्मी येताना दिसली. पायात चपला, पदर कमरेला खोचलेला. चाल बघूनच कळलं की ती चिडली आहे.

"काय गो चल्लाहा ह्यां? लोकांका तमासो दाखवतंस?"

"तुझी वाट बघतंय."

"मी येवचंय नाय म्हणान सांगलंय ना तुका?"

"मगे मी जावचंय नाय."

"तुका खूळ लागला."

"लागला."

"अगो, सगळी गेली वर! तुझी मेहनत..."

"अम्मी," मी म्हणाले, "तू पट्टी लावलंस, तां चुकलंस. पट्टी काढली, विषय संपलो. हात खंय काढून ठेवतलंस?"

तिने पदर पुन्हा कमरेला खोचला. मी पुढे म्हणाले, "गेल्या साली वाळूर तुका मागे केल्यानी तेवा काय चुकला होता तुझ्या हातान? ता सांग आणि मगे जा तांदूळ निवडूक."

वारा येत होता, ग्लायडरचा खालचा पंख गवतावर हलकेच घासत होता. अम्मीने त्या टोकाकडे पाहिलं.

"काय एक नाय," ती सावकाश म्हणाली. आणि पुन्हा, जरा मोठ्याने, "मी काय एक चुकूक नव्हतंय."

मग ती वळली आणि लांब उभ्या असलेल्या इलोनाला तिने हाताने बोलावलं. "येवा हय. तुमी पण बघा." इलोना आली. अम्मीने पट्टीचं रीळ तिच्या हातात दिलं, "धरा ह्यां." सुरक्षा अधिकारी रीळ धरून उभी राहिली. अम्मी नाकापासून सुरुवात करून ग्लायडरभोवती फिरली. प्रत्येक भोकापाशी थांबली, बोट न लावता दाखवलं आणि म्हणाली, "ही उघडी. ही उघडी. हीव उघडी." शब्द कळत नसूनही इलोना तिच्यामागून प्रत्येक ठिकाणी वाकून बघत गेली. मीही उतरून बघितलं. फेरी पूर्ण झाल्यावर माझी एक वाकडी पट्टी अम्मीने सोलून काढली आणि सरळ लावली. त्यासाठी रीळ तिने इलोनाकडून परत मागून घेतलं.

इलोनाने घड्याळ पाहिलं. "ओढणारं विमान अजून एकदा येईल," ती म्हणाली. "चला."

मी आत बसले, काच लावली. अम्मी पंखाच्या टोकाशी गेली. तिने बोटं पुसली नाहीत. उचलण्याआधी तिने तळवा टोकावर सपाट ठेवला, होडीवर ठेवायची तसा. काचेतून मला ऐकू आलं नाही, तिचं तोंड हललेलं तेवढं दिसलं. मग पंख वर आला.

उशीर झाला होता. मार्गाचा पहिला भाग चांगला गेला, शेवटच्या वळणानंतर ढग विरायला लागले आणि आकाश सपाट झालं. मी एका गावाच्या वर बराच वेळ काहीतरी सापडतंय का पाहिलं. सापडलं नाही. मग कापलेल्या गव्हाचं एक शेत निवडलं, त्याभोवती एक फेरी मारली आणि उतरले. असं उतरणं या खेळात रोजचं असतं. कोणीतरी ट्रेलर घेऊन येतं आणि सुटं करून घेऊन जातं.

चाक थांबलं की फार शांत होतं. कापलेल्या गव्हाचा कोरडा वास होता. फोन हातात घेतला आणि बोट सवयीने अब्बांच्या नावाकडे गेलं. नंबर मी काढलेला नाही. वायव्येचा, मी मनात सांगितलं, आणि संध्याकाळी पडला. मग अम्मीला लावला. तो व्यस्त लागला.

दानुता केव्हाच परतली होती, म्हणून तिचा नवरा माझा ट्रेलर ओढत आला. अम्मी पुढच्या सीटवर होती आणि अजून फोनवरच होती. ती उतरली तेव्हा फोनचा आवाज मोठा केलेला होता. शेताभर हलीमाचाची ऐकू येत होती.

"...दुकानात पोरां बोलाक लागली, टिपको थांबलो, पडली पडली. माझो जीव खालवर. भाबी, मी काय म्हणालंय तुका? काल तसा, आज असा."

अम्मी गव्हाच्या खुंटांतून माझ्यापर्यंत चालत आली. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, माझ्या गालाला हात लावला, आणि मग तो हात पंखावर ठेवला.

"पडूक नाय गो," ती फोनमध्ये म्हणाली. "उतरली. पडणां येगळा, उतारणां येगळा. वारो गेलो तर होडी पण वाळूक लावतत. तेका बुडली म्हणतत काय?"

"तसा नाय, पण लोक..."

"आणि आयक. काल पट्टी मी लावलंय. चुकलंय. तां माझ्या डोक्याचा काम, हाताचा नाय. आज हात मीच लावलंय. उद्या पण मीच लावतलंय."

"भाबी..."

"अजून संपूक नाय. जुबेरभाई थय आसा? तेका सांग. बंदी उठली काय मी येतंय. मी येवच्या आदी होडी वाळू सोडूची नाय."

"अगो पण लोक काय म्हणतीत?"

"तेंका सांग, मी इलंय की एकेकाक भेटतंय."

दानुताच्या नवऱ्याला काय चाललंय ते कळत नव्हतं, पण तो हसला. आम्ही पंख सुटे केले. अम्मीने तिच्या बाजूचा पंख एकटीने धरायचा हट्ट केला आणि धरला. उरलेले दिवस पंख तिनेच उचलला. इलोना रोज फेरीच्या वेळी तिच्याजवळ येऊन उभी राहायची आणि अम्मी तिला रीळ धरायला द्यायची. मी शेवटून तिसरी आले.

ऑगस्टात मी रजा काढून तिच्याबरोबर घरी गेले. कुडाळला उतरलो तेव्हा कैफ गाडी घेऊन आला होता.  मालवण जवळ आल्यावर म्हणाला, "चाचा थांबलेहत." एवढंच.

सकाळी वाळूवर वाडी जमली होती, नेहमीपेक्षा जरा जास्तच. अम्मीने पिवळी साडी नेसली होती, अब्बांना आवडायची ती. हलीमाचाची होडीपाशी उभी होती. अम्मी जवळ आली तेव्हा चाचीचा हात थोडा पुढे आला. अम्मीने त्या हाताकडे पाहिलं. तो खाली गेला. दोन-तीन बायका तोंड फिरवून घराकडे चालू लागल्या. होडीला खांदा लावून उभ्या असलेल्यांपैकी दत्ताराम नावाचे एक म्हातारे खलाशी हात काढून बाजूला झाले. "माका ह्यात घेव नको," ते कोणाकडेही न बघता म्हणाले.

त्यांच्या जागी मी गेले. होडीला बाईने खांदा लावण्याची रीत आमच्याकडे अजिबात नाही. कैफ माझ्या शेजारी होता. त्याने जरा सरकून जागा केली. या खेपेला त्याच्या हातात फोन नव्हता.

अम्मीने होडीच्या टोकावर तळवा ठेवला.

"हेय," ती म्हणाली. त्या सकाळी मला ते ऐकू आलं.

त्या दिवशी जाळ्यात जेमतेम घरापुरतं लागलं. थोडे बांगडे, बाकी कचरा. वाडीत दुपारपर्यंत सगळ्यांना कळलं होतं, आणि संध्याकाळी हलीमाचाची खळ्यात येऊन बसली. अम्मीने तिला चहा दिला आणि बांगडे साफ करायला घेतले.

दुसऱ्या दिवशी उजाडताना ती पुन्हा अंघोळ करून वाळूवर गेली. मीही मागोमाग गेले. रीत पहिल्या दिवसापुरतीच असते, नंतर कोणी येत नाही. जुबेरचाचांनी तिला पाहिलं आणि दोर हातातच ठेवून उभे राहिले.

"भाबी, आज कित्याक इलंस?"

"काल कमी लागला ना," अम्मी म्हणाली. "म्हणान परत इलंय." आणि तिने होडीवर हात ठेवला.